अर्धा नंबर

तो आला होता जॅव्हन्ट्रेला बघायला.
हे आधीच सांगून टाकतो,
नंतर धीर होणार नाही.

पाइन ब्लफमधली आमची जिम,
छत गळकं, उजव्या कोपऱ्यात निळी बादली.
बादलीला वळसा घालून पळायची
आम्हाला इतकी सवय
की घसरायचे ते पाहुणे.
जॅव्हन्ट्रे मात्र त्या रात्री पडला
कोरड्या फरशीवर, मोकळ्या जागेत,
समोर कुणी नसताना.
घोट्याचा आवाज मी ऐकला.
बूट माझे होते.
त्याचे फाटले म्हणून दिलेले,
त्याला अर्ध्या नंबराने मोठे.
मी जुन्यावर भागवलं होतं.

तिसऱ्या रांगेत कॅन्सासचा कोच,
कागदी कपातून शेंगदाणे खात.
त्याने वही मिटली.
जायला उठला, पण पार्किंगमध्ये
त्याच्या गाडीमागे कुणीतरी ट्रक लावला होता.
म्हणून परत बसला.
म्हणून.

माझे गुण सात.
सात म्हणजे काही वहीत लिहावं असं नाही.
पण त्याने लिहिलं. काय, ते पुढे कळलं:
पडतो. उठतो. बोलत नाही.

गुरुवारी तो आमच्या स्वयंपाकघरात,
डॉइल हॅसकॅम्प, गुडघ्यावर टोपी.
आई वृद्धाश्रमातून तशीच आलेली,
छातीवर बिल्ला: व्हर्लीन.
तिने बास्केटबॉलचं काहीच विचारलं नाही.
पलंग किती लांब?
रविवारी मेस बंद असते, तेव्हा पोरं काय खातात?
रात्री रस्त्यावर दिवे असतात का?
तो म्हणाला, दिवे कमी आहेत, बाई,
वारा मात्र भरपूर.
फी माफ, खोली माफ,
पुस्तकं वापरायला मिळतील, परत करायची.
दोन वर्षं. मग पुढचं पुढे.
आई म्हणाली, पुढचं पुढे म्हणजे कुठे?
तो साखरेच्या डब्याकडे बघत राहिला.
त्या वेळी मला तो आवडला.

मग दाराच्या चौकटीला उभं करून
त्याने माझी उंची मोजली.
सहा फूट, अर्धा इंच.
लिहिली सहा-दोन.
कागदावर सगळेच वाढतात, म्हणाला,
आणि पहिल्यांदा हसला.
त्याचं पेन चालेना.
आईने बिल्ल्यामागचं काढून दिलं.

पत्र घेऊन मी जॅव्हन्ट्रेकडे गेलो.
जायला नको होतं. न जाणंही जमलं नसतं.
उशीवर पाय, पायावर गोठलेल्या मटारची पिशवी.
त्याने पत्र वाचलं, ओळ न् ओळ,
तळाचा फोन नंबरसुद्धा.
सहा-दोन? म्हणाला.
दीड इंच ढापलास, केड्रिक!
आणि असा हसला, असा हसला
की पिशवी घसरून मटार पलंगाखाली गेले.
मी गुडघ्यांवर बसून वेचत राहिलो,
हवे होते त्यापेक्षा जास्त वेळ.
खालूनच विचारलं, तुझं काय?
वरून उत्तर आलं नाही.
मग बूट आले, माझे,
लेसेस एकमेकींत बांधलेल्या.
घेऊन जा. मला तसेही मोठेच होतात.

ऑगस्टमध्ये बस. एकोणीस तास.
तिकडे झाड दिसलं की पोरं त्याच्याकडे बोट दाखवतात,
इतकं सपाट.
पहिल्या सरावाला बूट चढवले
तर बोटं कशाला तरी टेकली.
चवड्याशी कागदाचा बोळा,
किराणा दुकानाची जाहिरात,
कोंबडीच्या तंगड्या, नव्व्याण्णव सेंट.
बूट बसावेत म्हणून
त्याने त्या रात्री कोंबलेला.

उलगडून वाचला. परत तसाच घातला.

हॅसकॅम्प कडेला उभा असतो, शिट्टी दातांत.
काल म्हणाला, लंगडतोयस का रे?
बूट लहान होतात?

नाही, म्हटलं.
बरोबर आहेत.